पात्र आणि पात्रता

‘प्राचीन इंडो-पर्शियन ब्राँझ वाडगे, संग्राहकांसाठी.’ पुराणवस्तूंच्या व्यापारात ही ओळ इतकी रुळली आहे, की तिच्यात काही आक्षेपार्ह असेल अशी शंकाही कोणाला येत नाही. वय, मूळ, धातू आणि गिऱ्हाईक या चारही गोष्टी तिने एका दमात सांगून टाकलेल्या असतात. पुढे व्यासाची व उंचीची मापे येतात, ‘कडेभोवती सुलेखन’ असे दोन शब्द येतात आणि मग किंमत येते. त्या सुलेखनात काय लिहिले आहे, हे बहुधा येत नाही. कोण्या एके काळी कोणी कारागिराने टाकीने एक मजकूर कोरला. तो वाचला जाईल याविषयी त्याला शंका नव्हती. आज ती वस्तू विकताना किंवा विकत घेताना तो मजकूर वाचण्याची गरज कोणालाच भासू नये, ही गोष्ट व्यापाराची रीत म्हणून सोडून देता आली असती. परंतु साहित्याच्या अभ्यासकांनीही ती तशीच सोडून दिली आहे, आणि तक्रार आहे ती मुख्यतः त्यांच्याविषयी.

व्यापाऱ्याच्या ओळीतील ‘ब्राँझ’ हा शब्दच प्रथम घ्यावा. तांबे आणि कथील यांच्या मिश्रणाला मराठीत कांसे म्हणतात, तांबे आणि जस्त यांच्या मिश्रणाला पितळ. फारसी लेख असलेली जी वाडगी भारतात व इराणात सापडतात, त्यांतील फार मोठा भाग या दोहोंपैकी कशातच बसत नाही. ती कल्हई केलेल्या तांब्याची असतात. कल्हईचा पांढरा मुलामा, कोरलेल्या रेघांत भरलेला काळा रंग आणि त्यामुळे दुरून चांदीचा होणारा भास, हीच त्यांची शोभा. बिदरचे काम तर जस्तप्रधान धातूचे. तरीही ‘ब्राँझ’ हा शब्द सर्वांना सरसकट लावला जातो, कारण तो भारदस्त वाटतो. मार्क झेब्रोव्स्की यांच्यासारख्या व्यासंगी अभ्यासकाने या भांड्यांवर १९९७ मध्ये जो मोलाचा ग्रंथ सिद्ध केला, त्याच्या शीर्षकातही सोन्याचांदीच्या शेजारी ब्राँझच बसले आहे. ज्या घरांत ही भांडी वापरली जात, तेथे मात्र असा घोटाळा शक्य नव्हता. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते, हे त्या घरातील पोरालाही ठाऊक असे. आणि तळपाय चोळण्यासाठी काशाचीच वाटी लागते, पितळेची चालत नाही, हे महाराष्ट्रात आजही कित्येक घरांत ठाऊक आहे. धातूचे नाव हा तेथे वापराचा भाग होता. वापर संपला की नावही सैल होते, आणि सैल झालेले नाव बाजाराला सोयीचे पडते.

‘इंडो-पर्शियन’ या जोडशब्दाची गोष्ट याहून गंभीर आहे. ऐकताना तो मोठा उदार वाटतो. दोन संस्कृतींचा संगम, आदानप्रदान वगैरे भाषणांत शोभणारे सर्व काही त्यात आहे. त्याचा उगम मात्र दोन कपाटांत शोधावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयासाठी इराणी वस्तूंची मोठी खरेदी केली ती रॉबर्ट मर्डॉक स्मिथ या लष्करी अभियंत्याने. तो तेहरानमध्ये होता तो तारखात्याच्या कामावर, आणि ती तार होती लंडनला हिंदुस्थानशी जोडणारी. १८७६ मध्ये त्याच संग्रहालयासाठी त्याने इराणी कलेवर एक छोटी पुस्तिका लिहिली. त्यानंतर चार वर्षांनी, १८८० मध्ये, जॉर्ज बर्डवुड यांचा भारतातील ‘औद्योगिक’ कलांवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. बर्डवुड बेळगावात जन्मलेले आणि मुंबईत डॉक्टरी केलेले गृहस्थ. कारागिरीवर त्यांचे खरेखुरे प्रेम होते, परंतु चित्रशिल्पादी ललित कला भारताजवळ आहेत हे त्यांना कधीच मान्य झाले नाही. (१९१० मध्ये लंडनमधील एका चर्चेत त्यांनी ध्यानस्थ बुद्धमूर्तीला उकडलेल्या पुडिंगाची उपमा दिली आणि मोठे वादळ ओढवून घेतले, हे कलेच्या अभ्यासकांना परिचित आहेच.) एक कपाट ‘पर्शियन कला’ या नावाचे, दुसरे ‘भारतीय कारागिरी’ या नावाचे. गोवळकोंड्यात किंवा लाहोरात घडलेले, फारसी मजकूर ल्यालेले वाडगे यांपैकी कोठे ठेवायचे? ही अडचण त्या वाडग्याची कधीच नव्हती. ती कपाटे करणाऱ्यांची होती. ती सोडविण्यासाठी मध्ये एक आडवी रेघ मारण्यात आली, आणि त्या रेघेलाच पुढे संस्कृतिसंगम असे नाव मिळाले.

या रेघेने वस्तूचा गाव पुसला, हे तिचे मोठे पाप. ‘इंडो-पर्शियन’ म्हटले की अहमदनगर, विजापूर, बिदर, लाहोर, काश्मीर यांतील कोणतेच नाव घ्यावे लागत नाही. काळही सांगावा लागत नाही. आणि मुख्य म्हणजे, ज्या भाषेत तो मजकूर आहे ती भाषा त्या गावात बोलली, लिहिली आणि रचली जात होती, हे मान्य करावे लागत नाही.

येथे मराठी वाचकाला एका गोष्टीचे स्मरण करून देणे आवश्यक आहे. मद्यपात्र हाती घेऊन साकीला उद्देशून केलेल्या काव्याचा ‘साकीनामा’ हा एक स्वतंत्र प्रकार फारसीत आहे. त्यात पात्र येते, मद्य येते, वसंत येतो, गायक येतो. आणि या सगळ्यांच्या आडून काळाची क्षणभंगुरता, राज्यांची उलथापालथ, मित्रांचा वियोग, कधी ईश्वरप्रेम आणि कधी आश्रयदात्याची स्तुती येते. या प्रकारातील सर्वांत विख्यात व विस्तृत काव्यांपैकी एक, चार हजारांहून अधिक बैतांचे, जुहूरी या कवीचे आहे, आणि ते त्याने अर्पण केले अहमदनगरच्या दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाला. बुऱ्हाणाची कारकीर्द १५९१ ते १५९५. जुहूरी जन्माने इराणी खरा. पण तो नगरला राहिला, पुढे विजापूरला दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या पदरी गेला आणि दख्खनमध्येच १६१६ मध्ये मरण पावला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच, १६१८-१९च्या सुमारास, साकीनामे रचणाऱ्या कवींचा एक चरित्रात्मक संग्रह ‘मैखाना’ या नावाने पूर्ण झाला, तो पाटण्यात. फारसी मद्यकाव्याचा हा नकाशा पाहिला तर त्याची महत्त्वाची ठाणी कृष्णेच्या आणि गंगेच्या खोऱ्यांत दिसतात. असे असता नगरच्या साकीनाम्याला मराठी प्रदेशाच्या वाङ्मयेतिहासात पानभरही जागा मिळत नाही. ‘तो फारसीत आहे’ एवढे म्हटले की विषय संपतो. मग ज्या वाडग्यावर त्याच परंपरेतला मजकूर कोरलेला आहे, ते वाडगे परके ठरले तर नवल कसले?

आणि हे परकेपण दुहेरी आहे. इराणात बहार यांच्यासारख्या विसाव्या शतकातील विद्वानांनी ‘सब्क-ए-हिंदी’ म्हणजे हिंदी शैली ही संज्ञा रूढ केली, आणि तीत कौतुकापेक्षा नापसंतीच अधिक होती. गुंतागुंतीच्या कल्पना, दूरान्वित प्रतिमा, भाषेचा अतिरेक हे जणू हिंदुस्थानच्या हवेने फारसीला लावलेले रोग. शम्सुर्रहमान फारुकी यांनी २००४ मध्ये या शैलीवरील आपल्या दीर्घ निबंधात या कवितेला नगरात आलेला परका म्हटले, ते याच अर्थाने. इराणने तिला हिंदी म्हणून दूर केले, भारताने तिला इराणी म्हणून. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात भारताच्या अभिजात भाषांबरोबर फारसीचे नाव आले हे खरे. परंतु साहित्य अकादेमी ज्या २४ भाषांना मान्यता देते, त्यांत फारसीला आसन नाही. आधुनिक, जिवंत भाषांचा कैवार घेण्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेने अशी मर्यादा घालून घेतली तर ती समजू शकते. मात्र संस्कृतला जी खिडकी उघडी ठेवली, ती फारसीला का बंद, याचे वाङ्मयीन उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

आता त्या मजकुराकडे वळावे. वाडग्यांवर काय लिहिलेले असते? काहींवर हाफिजच्या गझला असतात, ती मद्यपात्रे. कित्येकांवर कुराणातील वचने असतात. शिया परंपरेत घडलेल्यांवर अलीचा धावा करणारी ‘नाद-ए-अली’ ही प्रार्थना आणि बारा इमामांची नावे असतात. सोळाव्या शतकापासून दख्खनच्या सुलतानांनी त्या पंथाला राजाश्रय दिला हे ध्यानी घेतले, तर असे एखादे वाडगे इराणातून आले की येथेच घडले, या प्रश्नाचे उत्तर केवळ त्या नावांवरून देता येत नाही. म्हणजे मजकूर तर वाचावा लागतोच; वर अक्षराचे वळण, घाट आणि धातूही पाहावा लागतो. तिसरा प्रकार औषधी वाडग्यांचा. बाराव्या शतकात सीरियाच्या नूरुद्दीन झंगीच्या नावाने घडविलेले असे वाडगे ज्ञात आहे, आणि पुढे ही रूढी इराण व हिंदुस्थानपर्यंत शतकानुशतके चालली. अशा जुन्या वाडग्यांवर ते कशासाठी वापरावे हेही कोरलेले असे: विंचूदंश, सर्पदंश, पिसाळलेल्या कुत्र्याचा चावा, पोटशूळ, अडलेली बाळंतीण. वाडग्यात पाणी घालावे, ते अक्षरांवरून फिरावे आणि रोग्याने प्यावे. शब्द येथे अक्षरशः पोटात जात होता. पश्चिमेकडून आलेली वाचककेंद्री समीक्षा मराठीत एवढ्या उत्साहाने शिकविली गेली. त्या सर्व चर्चेत ज्या संहितेचा वाचक ती पिऊन टाकतो, अशा संहितेची कोणाला आठवण झाल्याचे दिसत नाही.

दरवेशांच्या भिक्षापात्राला ‘कश्कूल’ म्हणतात. सेशल्स बेटांवरील दर्याच्या नारळाची करवंटी, किंवा तिच्या आकाराची धातूची नौका. मेलिकियान-शिरवानी यांनी दाखवून दिले आहे, की हा नौकेचा घाट मुळात राजांच्या मद्यपात्राचा. तो फकिराच्या हाती आला आणि त्याचा अर्थ पालटला. व्यापाऱ्याच्या दृष्टीने ते केवळ एक ‘दुर्मीळ आकाराचे’ वाडगे असते. पण बहाउद्दीन आमिली या सफवीकालीन पंडिताने (मृत्यू १६२१) वेचक गद्यपद्य उताऱ्यांचा एक प्रसिद्ध संग्रह केला, तेव्हा त्याला त्याने ‘कश्कूल’ हेच नाव दिले. दारोदार मिळालेले घासघास एकत्र करणारे पात्र, तसा ग्रंथ. वाङ्मयीन संचयिकेला भिक्षापात्राचे नाव देणारी ही संस्कृती, आणि तिच्या भिक्षापात्रांत वाङ्मय नाही असे समजून त्यांची मापे घेणारी आजची सूची, या दोहोंतील अंतर संचयिका वाचणाऱ्यांना तरी जाणवावे.

यावर एक आक्षेप हमखास घेतला जाईल, आणि तो टाळण्याजोगा नाही. वाडग्यावरचा मजकूर बहुधा ठरावीक असतो. प्रार्थना, शुभेच्छा, मालकाचे नाव. त्याला साहित्य कसे म्हणावे? मालकाच्या नावाचेच पाहू. पुष्कळ भांड्यांवर ‘साहिबुहू’ म्हणजे ‘याचा धनी’ असे लिहून पुढे एखादे नाव टोचलेले असते. विक्रीच्या वर्णनात ते नंतरचे आणि किरकोळ म्हणून बाजूला पडते. मराठी माणसाला मात्र ‘भांड्यावर नाव घालणे’ म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. लग्नात दिलेल्या तांब्यावर, परातीवर ठिपक्याठिपक्यांनी टोचलेले नाव, गाव, तारीख. ते वाचून कोणते भांडे कोणत्या घरातून आले हे कळते, आणि वाटण्या होताना तेच नाव साक्षीला येते. मग ‘साहिबुहू’ परके कसे?

आणि शुद्ध साहित्याचा आग्रह धरणाऱ्यांनी हेही आठवावे, की मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पाठ्यपुस्तके ज्या ओळीपासून सुरू होतात, ती श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेली आहे. ती दगडावर आहे, कर्नाटकात आहे, आणि हे काम कोणी करविले एवढेच सांगते. तीत अलंकार नाही, रस नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थी ती पाठ करतात, आणि ते योग्यच आहे. ताम्रपटांचेही तसेच: तांब्याच्या पत्र्यावर दानाचा मजकूर असला की तो इतिहासाचे साधन ठरतो, तज्ज्ञ त्याचे वाचन प्रसिद्ध करतात, एका अक्षरावरून वर्षानुवर्षे वाद घालतात. तांब्याचा तोच पत्रा ठोकून गोल केला, त्यात पाणी राहू लागले, की त्यावरचे अक्षर नक्षी कसे होते, हे त्या तज्ज्ञांनी एकदा सांगावे.

मराठीने फारसीचे ऋण मोजले नाही असे नाही. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने सिद्ध झालेला ‘राज्यव्यवहारकोश’ फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठीच होता. माधव जूलियन यांनी १९२५ मध्ये ‘फार्शी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला, आणि उमर खय्यामच्या रुबायांना मराठीत आणण्यासाठी ते मूळ फारसीपर्यंत गेले. प्याला, सुरई, तबक, रकाबी, तस्त, कल्हई हे शब्द कोशांत व्युत्पत्तीसह नोंदले गेले आहेत. पण व्युत्पत्ती देऊन कोश थांबतो. तो शब्द ज्या वस्तूला धरून आला ती वस्तू कोणी हाती घेत नाही. एकच उदाहरण पुरे आहे. फारसीत ‘तास’ म्हणजे धातूचे वाडगे अथवा थाळ. काशाच्या ज्या थाळीवर ठोका देऊन वेळ सांगत, तिला मराठीने तास म्हटले, आणि पुढे खुद्द त्या कालखंडालाच ते नाव पडले. हिंदुस्थानातील घडी मोजण्याच्या आणि थाळीवर टोले देण्याच्या या पद्धतीचे वर्णन बाबराने आपल्या आत्मचरित्रात कुतूहलाने केले आहे. महाविद्यालयात रोज ‘मराठीचा तास’ भरतो, आणि त्या तासाला फारसी परकी असल्याचे शिकविले जाते.

संग्राहकांची बाजू अगदीच लंगडी आहे असे मात्र म्हणता येणार नाही. त्यांनी घेतली नसती तर ही भांडी कोठे गेली असती? स्टेनलेस स्टील आले तेव्हा भारतभर घरोघरची तांब्यापितळेची भांडी वजनावर गेली. जुने भांडे ‘मोड’ म्हणून घालायचे आणि मोडीची किंमत वजा करून नवे घ्यायचे, ही रीत पुण्याच्या तांबट आळीपासून सर्वत्र होती. मोडीच्या तराजूला अक्षर कळत नाही, आणि भट्टीने गिळलेली अक्षरे संग्राहकाने परदेशी नेलेल्या अक्षरांहून कमी नसतील. परंतु संग्रह करण्याचीही एक पात्रता असते. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय ज्यांनी उभे केले, ते डॉ. दिनकर केळकर ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकाची भांडी असा नित्याच्या वापरातला संसार त्यांनी आयुष्यभर गोळा केला, अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. तेथे अडकित्ता अडकित्त्यांत राहतो, दिवा दिव्यांत. पाहणाऱ्याला तो कशासाठी होता हे कळते. ‘संग्राहकांसाठी’ हे विशेषण त्या वस्तूंना लावून पाहावे. ते चिकटत नाही. ही वाडगी कोणाही संग्राहकासाठी घडली नव्हती. ती पिणाऱ्यासाठी, मागणाऱ्यासाठी, आजाऱ्यासाठी घडली होती.

कायद्याचे बोलायचे तर १९७२चा पुरावस्तू व कलानिधी अधिनियम शंभर वर्षांच्या वस्तूला पुरावस्तू मानतो आणि तिची खाजगी निर्यात निषिद्ध ठरवितो. हस्तलिखितादी कागदपत्रांचे वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन वा सौंदर्यदृष्ट्या मोल असेल, तर त्याच कायद्याने त्यांना पंचाहत्तर वर्षांची मर्यादा घातली आहे. ‘वाङ्मयीन मोल’ हे शब्द कायद्यात आले, ते कागदाला धरून. धातूवरच्या अक्षराला हे शब्द लावावेत, अशी मागणी साहित्यिकांकडून कधी पुढे आलेली नाही. दुसरीकडे, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची अरबी व फारसी शिलालेखांची शाखा आहे ती नागपुरात. देशभरच्या मशिदी, दर्गे, विहिरी आणि वेशी यांवरील लेखांचे वाचन तेथून झाले, डॉ. झियाउद्दीन देसाई यांच्यासारख्या पंडितांनी त्यांची संपादने सिद्ध केली. दगडापाशी जाण्यासाठी ज्यांनी उन्हातान्हात गावे पालथी घातली, त्यांच्या विद्येचा लाभ संग्रहालयांच्या कपाटांतील भांड्यांना का होऊ नये? नागपूर विद्यापीठातील मराठीचा विद्यार्थी त्या कार्यालयावरून किती वेळा जात असेल.

वाचन न झाल्याचा एक परिणाम तर खुद्द बाजारालाच भोवतो आहे. मुरादाबादेत आणि इतरत्र आजही उत्तम पितळकाम होते, आणि नव्या भांड्याला तेजाबाने जुनेपण आणणे हे काही अवघड काम नाही. त्यावर अक्षरांसारख्या वेलांट्या कोरल्या, ज्यांचा काहीच अर्थ लागत नाही, तरी ‘कडेभोवती सुलेखन’ हे वर्णन त्यालाही तितकेच लागू पडते. जो वाचत नाही त्याला खरा लेख आणि खोटा लेख एकाच भावाने विकता येतो. हजारो रुपये मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला हे उमगत नसेल तर त्याची कीव करावी. पण संग्रहालयांच्या ओळखपट्ट्यांवरही ‘फारसी लेख’ एवढ्यावर काम भागविले जाते, तेथे कीव करून चालणार नाही. प्रत्येक लेखांकित भांड्यासोबत त्याचा संपूर्ण पाठ, देवनागरी लिप्यंतर आणि त्या प्रदेशाच्या भाषेतील अनुवाद प्रसिद्ध झाला पाहिजे, आणि ते काम कलेच्या इतिहासकारांवर न सोपविता फारसी व भारतीय भाषांच्या विभागांनी एकत्र येऊन केले पाहिजे. सुरुवात लहानच असू शकते. एक संग्रहालय, एक कपाट, दहा वाडगी, फारसी जाणणारा एक वृद्ध मौलवी आणि मराठीचे दोन विद्यार्थी. पहिल्या दिवशी एखाद्या वाडग्याचा धनी कोण होता, एवढे नाव जरी लागले तरी पुष्कळ झाले.